जसंच्या तसं

माझ्या लेकीला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, प्लीज, आता हे सगळं दुसऱ्या कुणावर तरी कर." 'हे सगळं' म्हणजे माझे रंगीत तक्ते, तारखांची आठवण करून देणारे माझे मेसेज आणि तिच्या निबंधाच्या प्रत्येक मसुद्यावर मी मारलेल्या लाल रेघा. मला राग आला. पण बोलणं मी मनावर घेतलं हेही खरं. ती शिकली, नोकरी लागली, सिएटलला गेली, आणि व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरात तक्ते करण्याजोगं काही उरलं नाही. तेव्हा मी जवळच्या वाचनालयात जाऊन नाव नोंदवलं.

त्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी हिस्पॅनिक मुलांसाठी कॉलेजप्रवेशाच्या तयारीचा वर्ग चालतो. अकरावी-बारावीतली मुलं, बहुतेकांचे आईवडील एल साल्वादोर किंवा होंडुरासहून आलेले, आणि घराण्यातलं कॉलेजला जायला निघालेलं हे पहिलंच पोर. शिकवायला माझ्यासारखे हौशी लोक. नवरा म्हणाला, "तुला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे." मी म्हटलं, भाजीन, पण करपू देणार नाही.

पहिल्याच शनिवारी करपल्या. दहाचा वर्ग, दहाला खोलीत मी एकटी. हळूहळू मुलं आली, आणि मुलांबरोबर त्यांच्या आया आल्या. त्या मागच्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या, त्यांनी पिशव्यांतून गोड पाव काढून सगळ्यांना वाटले, आणि आम्ही इंग्रजीत जे काही सांगत होतो त्यातलं एक अक्षरही कळत नसताना कान देऊन ऐकत राहिल्या. वर्ग चालवणाऱ्या बाई कायम हसतमुख. मी त्यांना विचारलं, आयांचं इथे काय काम? त्या म्हणाल्या, "आपली मुलं कुणाच्या हातात आहेत ते त्यांना बघायचं असतं." अहो, मी निबंध शिकवतेय, पोराचं अपेंडिक्स काढत नाहीये! हे मी मनात म्हटलं. तोंडाने पाव खाल्ला.

माझी चिडचिड होण्याची कारणं दर शनिवारी वाढत गेली, आणि सगळीच काही त्या मुलांची नव्हती. आमच्या गल्लीतली आपल्या लोकांची मुलं आठवीपासून ह्या कामाला जुंपलेली असतात. व्हायोलिन, रोबोटिक्स, गरिबांसाठी कोट गोळा करण्याची मोहीम (कोट आयांनी गोळा करायचे, फोटो मुलांनी काढायचा), आणि वर सल्ला द्यायला पैसे घेणारा माणूस. इकडे ह्या मुलांना कोणती परीक्षा द्यावी लागते, कोणती नाही, शिफारसपत्र कुणाकडे कधी मागायचं, यातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळेत सल्लागार होते. पण एका सल्लागाराच्या दारात एवढी मुलं, की आपला नंबर येईपर्यंत तारीख निघून जाते. ज्याला नियम आधीपासून माहीत आहेत त्यालाच खेळता यावा असा हा खेळ, आणि वर सगळे म्हणणार, मैदान सगळ्यांना खुलं आहे! माझं डोकं फिरायचं. मग मी ते फिरलेलं डोकं घेऊन त्या बिचाऱ्या मुलांवरच ओरडायचे.

एकदा एका मुलाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि सेव्ह न केलेला अख्खा निबंध गेला. सेव्ह करा, सेव्ह करा, म्हणून मी घसा कोरडा केला होता. मी त्याला झापायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सगळ्या आया एका सुरात म्हणाल्या, "पोब्रेसितो!" आणि एकीने उठून त्याच्या हातात पाव ठेवला. झालं, माझं झापणं राहिलं.

"काय म्हणाल्या ह्या?" मी माझ्यासमोरच्या मुलीला विचारलं.

"बिच्चारा, असं म्हणाल्या, मिस. मुलाला पोब्रेसितो, मुलीला पोब्रेसिता."

ती इंग्रजीत बोलायची, इथली सगळी मुलं बोलतात तसं. मी ते मराठीत लिहितेय. ती इथे असती तर तिने प्रत्येक शब्द तपासून घेतला असता, कारण ह्या कामात तिच्याइतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नाही.

ती बारावीत होती आणि माझ्या वाट्याला आली होती. हुशार, विशेषतः केमिस्ट्रीत. पण दर शनिवारी तिचा फोन वाजायचा आणि ती उठून बाहेर जायची. मावशी डॉक्टरकडे बसलेली असायची आणि तिला डॉक्टरचं बोलणं कळत नसायचं. काका लायसन्सच्या ऑफिसात अडकलेला असायचा. घरमालक वडलांना काहीतरी सांगत असायचा. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि तिने दोन्हीकडचं बोलणं दोन्हीकडे पोचवायचं. आधी तिची आई मागच्या रांगेत बसायची, नंतर तिची आजीही यायला लागली, आणि वर्गातली कुठलीही सूचना असली की मान वळवून ती त्या दोघींना स्पॅनिशमध्ये सांगायची. मी म्हणायचे, फोन बंद कर. ती म्हणायची, "हो मिस," आणि तो पुन्हा वाजायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

ती कशी सांगते ते मला ऑक्टोबरात कळलं. वर्ग संपल्यावर मी तिच्या आईशी बोलत होते. अर्थात तिच्याच मार्फत. आपण आईबापांशी बोलताना बोलतो तसं मी मोघम बोलले, की मुलगी हुशार आहे, फक्त लिहायचा जरा आळस करते. तिने ते माझ्या सुरासकट आईला सांगितलं. आईने तिथेच तिची अशी काही खरडपट्टी काढली की मीच कावरीबावरी झाले.

"अगं, तू तेही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात ना, मिस."

"म्हणाले, पण जरा सौम्य करून सांगायचं की!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी एखाद्या परीक्षेत कॉपी करायला सांगितल्यासारखी.

आमच्याकडे मध्ये पडणारं माणूस म्हणजे वेगळीच जात. माझं लग्न ज्या काकूंनी जुळवलं त्या इकडचं बोलणं तिकडे नेताना वाटेत साखर पेरायच्या. मुलाला राग येतो, हे आमच्या घरी येईपर्यंत 'मुलगा स्पष्टवक्ता आहे' असं झालेलं होतं. मुलीला स्वयंपाक येत नाही, हे त्यांच्या घरी 'मुलगी अभ्यासू आहे' म्हणून पोचलं. लग्न टिकलं. मध्यस्थाने असंच करायचं असतं, हे मला इतकं नैसर्गिक वाटतं की ह्या मुलीचं वागणं मला हट्टीपणाचंच वाटलं.

निबंधावरूनही वाजलं. हसतमुख बाईंचं म्हणणं, तिने घरच्यांच्या प्रवासाबद्दल लिहावं, सीमा, संघर्ष, वगैरे. मी म्हटलं, विज्ञानमेळाव्याबद्दल लिही. तिने आम्हा दोघींचं ऐकून घेतलं आणि लिहिलं तिसऱ्याच गोष्टीवर. तिची आजी मक्याचे दाणे चुना घालून उकळते, मग त्यांची सालं बोटांनी चोळून निघतात, आणि त्या मक्याच्या पिठाला चिकटपणा येतो. चुन्याने मक्याला नेमकं काय होतं हे शोधायला ती केमिस्ट्रीत शिरली, असा तो निबंध. पान खाणाऱ्यांच्या घरात वाढलेली मी, चुना मला माहीत. पण मी कपाळावर हात मारला. कॉलेजला काय, मका विकायचाय? तिने एक शब्द बदलला नाही.

मार्चअखेर पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांमधल्या एका छोट्याशा कॉलेजचं उत्तर आलं. प्रवेश, आणि शिक्षण, राहणं, जेवण, सगळ्यासकट पूर्ण शिष्यवृत्ती. निबंधातला मका त्यांना फार आवडला म्हणे. वर्गात आया रडल्या, हसतमुख बाई रडल्या. मी तक्त्यातला तिचा रकाना हिरवा केला.

आणि तिची आई म्हणाली, नाही.

घरापासून बसने जाता येईल असं दोन वर्षांचं कॉलेज आहे, तिथे जाईल. रात्री घरी येईल. मुलगी एकटी परक्या गावात, कुणा अनोळखी मुलीबरोबर एका खोलीत, कशाला? मी बोलले, हसतमुख बाई बोलल्या, शाळेतली केमिस्ट्रीची शिक्षिका बोलली. आम्ही बोलत होतो आणि ती मुलगी आमची वाक्यं एकेक करून आईपुढे ठेवत होती, आणि आईचे नकार एकेक करून आमच्यापुढे. स्वतःच्या बाजूने तिने चकार शब्द काढला नाही. मी तिला विचारलं, तुला जायचंय ना? म्हणाली, "खूप, मिस." मग बोल की! "मी बोलले घरी. आता तुम्ही बोलताय, तर तुमचं पोचवते."

शेवटी आई एवढंच म्हणाली, आधी जागा बघीन. प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी एप्रिलात एका शनिवारी कॉलेज दाखवणार होते. मेच्या पहिल्या तारखेला उत्तर कळवायचं होतं. वडील येणार नव्हते. त्यांना शनिवारी काम असतं, आणि हल्ली ते राज्याबाहेर गाडी नेत नाहीत. का, ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. म्हणून माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मी, ती, तिची आई आणि आजी.

साडेसहाला निघायचं ठरलं होतं. आजीची पिशवी सापडेपर्यंत सात वाजून गेले. सस्क्वेहॅना नदीच्या काठाने वर जाताना मी माझं भाषण तयार केलं. स्टेट कॉलेज नावाच्या गावात माझा भाचा शिकायला होता, तिथे आपल्या सामानाचं धड दुकानसुद्धा नाही, तरी कसा राहिला, जाड होऊन परत आला, वगैरे. तिने ते पोचवलं. आजीने विचारलं, जाड झाला म्हणजे स्वयंपाक कोण करायचं? उत्तर मला माहीत नव्हतं.

कॉलेज देखणं होतं. विटांच्या इमारती, उतरती हिरवळ, आणि आम्हाला फिरवायला उलट्या पावलांनी चालत बोलणारी एक विद्यार्थिनी. बाकीचे आईबाप विचारत होते, प्रयोगशाळा कशा आहेत, उन्हाळ्यात काम मिळतं का. आमच्या आजीने वसतिगृहाच्या खोलीत शिरल्याबरोबर गादी दाबून पाहिली. मग नळ सोडून पाणी गरम यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. आईने कपाट उघडलं, खिडकीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. स्थळ बघायला आल्यासारखं! माझी एकीकडे चिडचिड आणि दुसरीकडे लाज, कारण माझ्या लग्नाआधी माझ्या मावशीने सासरच्या घरातली मोरी वाकून बघितली होती.

"रात्री ह्या इमारतीला कुलूप कोण लावतं?" आईने विचारलं. मुलीने ते इंग्रजीत केलं.

"कुणीच नाही!" उलटी चालणारी आनंदाने म्हणाली. "सगळ्यांकडे कार्ड असतं. कधीही या, कधीही जा. फुल फ्रीडम!"

मी मुलीकडे बघून डोळे मोठे केले. तिने ते आईला सांगितलं, फुल फ्रीडमसकट.

"मुलींना घरची आठवण येत नाही?"

"ओ, पहिल्या महिन्यात सगळेच रडतात, मीपण खूप रडले. इट्स टोटली नॉर्मल."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिने दंड काढून घेतला आणि सांगितलं. आईचा चेहरा मी मागूनसुद्धा ओळखला.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी तिला शीतपेयांच्या यंत्राआड ओढलं. माझा आवाज वाढला होता, पण मला त्याची फिकीर नव्हती.

"तुला यायचंय ना इथे? मग डोकं वापर! ती पोरगी म्हणते सगळे रडतात, तू सांग, कधीकधी आठवण येते. ती म्हणते कुलूप नाही, तू सांग, कार्डाशिवाय कुणाला आत येता येत नाही. हे खोटं नाही, नुसतं थोडं… अगं, तुझ्या आईला कळणार आहे का?"

"म्हणूनच, मिस."

"म्हणूनच म्हणजे?"

तिने आजीकडे पाहिलं. आजी लांब बाकावर बसून पायातला बूट सैल करत होती. सकाळपासून ती इतकी हळू चालत होती की आम्ही प्रत्येक ठिकाणी घोळक्याच्या मागे पडलो होतो, आणि मी मनात तिच्यावरही चिडले होते.

"मी लहान होते," ती म्हणाली. "आजीला डायबेटिस आहे. डॉक्टर मला म्हणाले, तिला सांग, साखर पूर्ण बंद, आणि पायाला जखम झाली तर त्याच दिवशी ये, नाहीतर पाय कापावा लागेल. ती आधीच रडत होती. मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणतात साखर कमी कर आणि पायाची काळजी घे." तिने आजीच्या बुटाकडे बोट केलं. "तिच्या डाव्या पायाला दोन बोटं नाहीत, मिस. माझ्या घरातल्यांना जे कळतं ते माझ्याकडूनच कळतं. मी एक शब्द बदलला, की मग कुठला बदलला आणि कुठला नाही ते त्यांना कसं समजणार?"

मी चिडलेलीच होते, फक्त आता कुणावर चिडावं ते कळेना. मी यंत्रातून पाण्याची बाटली काढून आजीला नेऊन दिली.

जेवताना आई म्हणाली, आणि मुलीने माझ्यासाठी इंग्रजीत केलं, "इथे सगळे हसतात. सगळे म्हणतात सगळं छान आहे. पोर दूर गेल्यावर आईचं काय होतं हे मात्र कुणी सांगत नाही."

परत निघालो तेव्हा मी हरलेली होते. आई माझ्या शेजारी, खिडकीबाहेर बघत. मागे आजी झोपलेली. ती मुलगी मधोमध, मला आरशात दिसेल अशी. हिरवा केलेला रकाना आता कुठल्या रंगाचा करायचा, असला मूर्ख विचार माझ्या डोक्यात चालू होता. हॅरिसबर्ग मागे पडलं, आणि आई काहीतरी म्हणाली.

"मिस, आई विचारते, तुमची मुलगी पण लांब राहते ना? ती रोज फोन करते का?"

हे मात्र माझ्या हातात होतं. 'हो' म्हटलं की काम झालं. 'हो, रोज करते, दोनदा करते, जेवलीस का विचारते.' माझ्या लग्नातल्या काकूंनी क्षणाचाही विचार केला नसता. शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी आरशात पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, काहीही न सुचवता. माझा फोन वर्गात कधी वाजत नाही हे तिने वर्षभर पाहिलं होतं. मी खोटं बोलले असते तरी तिने ते पोचवलं असतं, जसंच्या तसं. तिच्या तोंडून, तिच्या आईच्या कानात.

"नाही," मी म्हटलं. "रोज नाही करत."

तिने सांगितलं. आईने माझ्याकडे मान वळवली.

"रविवारी करते. जिमला जाताना, गाडीतून. पोचली की फोन ठेवते." मग माझा बांध का फुटला कोण जाणे. "वाटेत लाल सिग्नल लागले तर जरा जास्त बोलणं होतं. जास्त लागावेत असं मला वाटतं. मी तिला काय खाल्लंस, किती वाजता झोपलीस असलंच विचारत बसते आणि तिला त्याचा कंटाळा येतो, मला कळतं ते. तिची खोली आहे तशी ठेवली आहे. हे सगळं सांग."

तिने सगळं सांगितलं. लाल सिग्नलसुद्धा. स्पॅनिशमध्ये माझी हकिगत ऐकताना मला ती दुसऱ्याच कुणा बाईची वाटली आणि त्या बाईचं फार वाईट वाटलं.

"आणि हेही सांग," मी म्हटलं, "की ती तिथे सुखात आहे. इथे माझ्या डोळ्यांसमोर राहिली असती तर इतकी मोठी झाली नसती. मला आवडत नाही हे, पण ते खरं आहे."

तेही तिने सांगितलं. नदी गेली, गेटिसबर्गकडे जाणाऱ्या पाट्या गेल्या. मग आई समोर रस्त्याकडे बघत, मुलीला उद्देशून, एक लांब वाक्य बोलली. अ‍ॅपवर गिरवलेलं माझं स्पॅनिश सफरचंद आणि टेबलाच्या पुढे गेलेलं नाही. त्या अख्ख्या वाक्यातला मला एकच शब्द कळला. पोब्रेसिता.

मी भाषांतराची वाट पाहिली. मागून काही येईना.

"काय म्हणाली?"

"काही नाही, मिस," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "गाडी चालवल्याबद्दल थँक यू म्हणाली."

मेरीलँड ओलांडून व्हर्जिनियात येईपर्यंत मी धुमसत होते. बिच्चारी? मी? एवढं घर, एवढी नोकरी, लेकीला इतक्या उंचीवर पोचवलेली मी, आणि जिला साधा फॉर्म भरता येत नाही ती मला बिच्चारी म्हणणार? दिवसभर ह्यांच्यासाठी गाडी हाकली त्याचं हे फळ! खाया पिया कुछ नहीं, म्हणतात ना, तसली गत.

त्यांच्या इमारतीसमोर गाडी लावली तेव्हा अजून उजेड होता. आजीला उतरवलं. तिने पिशवीतला उरलेला पाव माझ्या सीटवर ठेवला. आई माझ्या बाजूच्या दाराशी आली, मला खाली उतरायला लावलं आणि मिठी मारली. घट्ट, आणि जरा जास्तच वेळ. मी हात कुठे ठेवावे ते न कळून उभी राहिले. मग त्या दोघी आत गेल्या. मुलगी मागे राहिली.

"मिस, आई हो म्हणाली."

"काय? केव्हा?"

"मगाशी, गाडीत."

"गाडीत तर थँक यू म्हणाली म्हणालीस!"

"वाक्याच्या दुसऱ्या भागात ती म्हणाली, ही बाई खरं बोलते, म्हणजे कॉलेजबद्दल बोलली तेही खरं असेल. तू जा. पण मला रोज फोन करायचा, तिच्या मुलीसारखं नाही."

"आणि पहिल्या भागात?"

ती बुटाच्या टोकाने डांबर उकरत राहिली.

"पहिला भाग मी नाही करत, मिस," ती म्हणाली, आणि पळत जिन्याकडे गेली.

मी गाडीत येऊन बसले. ती जाणार होती, काम फत्ते झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण आजीच्या पायापासून पाळलेला नियम त्या पोरीने आज मोडला होता, आणि तो कॉलेजसाठी नव्हे, मला वाईट वाटू नये म्हणून. मला रडू आलं. रडू आल्याचा रागही आला. त्या रागातच मी फोन उचलला आणि सिएटलला लावला.

"आई?" लेकीचा आवाज घाबरलेला. "व्हॉट हॅपन्ड? बाबा ओके आहेत ना?"

"ओके आहेत."

"मग? आज सॅटर्डे आहे."

"मला वार कळतात."

"आई, आय अ‍ॅम ड्रायव्हिंग. उद्या कॉल करू?"

"उद्या तर तू करतेसच," मी म्हटलं. "गाडी बाजूला घे."

तिकडे काही क्षण नुसता इंडिकेटरचा टिकटिक आवाज आला. मग तोही बंद झाला.

"घेतली," ती म्हणाली. "आता बोल."

गाडी थांबलेली, आणि मला एकही प्रश्न सुचेना. मी शेजारच्या सीटवरचा पाव उचलून मांडीवर घेतला.

"तूच बोल," मी म्हटलं. "आज मी ऐकते."